लांब आणि अरुंद किचन: सिंक हलवू की शेगडी? लेआउट सुचवा प्लीज

कपबशी

नमस्कार मंडळी. किचन पूर्ण तोडून नव्याने करायचं एकदाचं ठरलंय आणि आता माझी झोप उडालीय. आमचं किचन म्हणजे खरं तर पॅसेज आहे, लांबी १६ फूट आणि रुंदी ७ फूट ३ इंच. हॉलमधून आत येणारं दार एका टोकाला, बाल्कनीत जाणारं दार बरोब्बर समोरच्या टोकाला, आणि वॉशिंग मशीन बाल्कनीत, त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस दिवसातून दहा वेळा माझ्या पाठीमागून "जरा सरक" म्हणत जातो.

आत्ता काय आहे ते सांगते. हॉलमधून आत शिरलं की डाव्या हाताला एकच लांब ओटा. शेगडी हॉलच्या दाराजवळ, सिंक पार दुसऱ्या टोकाला खिडकीखाली, आणि मधे दहा फूट चालत गळकी भांडी घेऊन माझी परेड. फ्रिज उजव्या भिंतीला, तो पुढे आलाय म्हणून तिथे अजून अडचण. चिमणी नाहीच कारण शेगडीपासून बाहेरची भिंत लांब. बाहेरची भिंत म्हणजे फक्त ती बाल्कनीकडची, बाकी दोन्ही बाजूंना खोल्या.

स्वयंपाक दोघी करतो, मी आणि सासूबाई, आणि दोघींना एकाच वेळी एकाच जागी उभं राहायचं असतं. डिशवॉशर घ्यायचाय. डिझायनरने थ्रीडी काढून दिलंय, दोन्ही बाजूंना २४ इंची ओटा, दोन्हीकडे वर कपाटं, दिसतंय एकदम झकास पण त्या चित्रात माणसं नाहीयेत. मला ते बघून ट्रेनचा डबा आठवला.

तर प्रश्न असा की दोन्हीकडे ओटा करू का एकीकडेच? आणि सिंक मधे आणलं तर चालेल का? प्लंबर म्हणतो होतं सगळं, सुतार म्हणतो बघू, नवरा म्हणतो तुम्हाला आवडेल ते करा, म्हणजे उद्या काही चुकलं की तो मोकळा.

गुण्या_ओळंबा

ताई, आधी टेप घ्या आणि रुंदी परत मोजा. एकदा नाही, सहा वेळा. हॉलच्या टोकाला, मधे आणि बाल्कनीच्या टोकाला, प्रत्येक ठिकाणी जमिनीपाशी आणि ओट्याच्या उंचीवर. जुन्या भिंती गुण्यातही (काटकोनात) नसतात आणि ओळंब्यातही (सरळ उभ्या) नसतात, आणि सोळा फुटांच्या लांबीत एक-दीड इंच कुठे जातो ते कळत नाही. सगळ्यात लहान आकडा येईल तो तुमचा खरा आकडा, बाकीचे विसरा. मग त्यातून दोन्ही भिंतींच्या डाडोच्या, म्हणजे भिंतीला लावायच्या, टाइल्स वजा करा, टाइल आणि मागचा मसाला धरून दर भिंतीला पाऊण इंच धरा. जुन्या टाइल्स काढल्या तर थोडं परत मिळेल पण त्याच्या भरवशावर राहू नका, गिलावा नीट करताना ते परत जातं.

तो आकडा टाका, मग बोलू. अरुंद किचनमधे एक इंच म्हणजे एक इंच असतो.

ओट्यावरची_मुंगी

दोन्ही बाजूंना फुल ओटा अजिबात करू नको!! मी केलंय आणि पस्तावलेय. आमचं तर तुमच्याहून दोन इंच रुंद होतं. कागदावर मधे ३९ इंच मोकळे दिसत होते. मग ओट्याचा दगड एक एक इंच पुढे आला, मग हँडल आले, प्रत्यक्षात ३५ सुद्धा राहिले नाहीत. समोरासमोरचे दोन ड्रॉवर एकदम उघडले की एकमेकांना टक्कर देतात, खालच्या ड्रॉवरमधलं काही काढायला वाकलं की मागे समोरच्या कपाटाला बूड टेकतं, शब्दशः. पाहुणे आले की मी त्यांना किचनमधे येऊच देत नाही, लाज वाटते म्हणून नाही तर आत आले की मला बाहेर पडता येत नाही म्हणून.

कपबशी

मोजलं काका. हॉलकडे ७ फूट ३ इंच बरोबर आहे पण बाल्कनीकडे ७ फूट दीड इंच भरतंय. दीड इंच गायब. इतकी वर्षं इथे राहतेय, मला पत्ताच नव्हता. लांबी १६ फूट एक पाव इंच आहे.

गुण्या_ओळंबा

म्हणजे तुमची कामाची रुंदी झाली बाल्कनीकडचे ८५.५ उणे दोन्ही भिंतींच्या टाइल्सचे १.५, सरळ ८४ इंच. लांबी १९२ मधून टाइल आणि थोडी सूट काढली की १९० धरा.

आता गणित बघा. २४ इंची कपाट, त्यावर ओटा एक इंच पुढे, म्हणजे एका बाजूला २५. दोन्हीकडे केलंत तर ८४ उणे ५० म्हणजे ३४ उरतात, हँडल वेगळे. एक माणूस काम करत असेल तर मधे ४२ इंच आणि दोन माणसं असतील तर ४८ असावेत असं अमेरिकेतल्या नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनचं मार्गदर्शक माप आहे, ते काही कायदा नाही, आपल्या घरात ४८ कुठून आणणार, पण ३४ मधे दोघी आणि मागून जाणारे बाकीचे, हे होणार नाही. तो डिझायनर तुम्हाला कपाटं विकतोय, रस्ता विकत नाहीये, हे लक्षात घ्या.

माझं मत, डावीकडे २५ चा पूर्ण ओटा आणि उजवीकडे फक्त १५ इंच खोलीची कपाटं, वरची फळी धरून १६. मधे ४३ उरतात. १५ इंच म्हणजे कमी वाटतं पण जेवायची मोठी ताटलीसुद्धा ११ इंचाच्या आसपास असते, डबे, बरण्या, कप, ग्लास सगळं मावतं, आणि मुख्य म्हणजे एकाच रांगेत मावतं, मागे काय हरवलंय ते शोधावं लागत नाही. २४ इंच खोल कपाटाच्या मागच्या निम्म्या भागात काय आहे ते घरात कोणालाच माहीत नसतं.

फ्रिज मात्र उजवीकडून काढा. फ्रिज २८ ते ३२ इंच खोल असतो, १५ इंची कपाटांच्या रांगेत तो नाकासारखा पुढे येईल. तो डाव्या बाजूला, हॉलच्या दाराजवळ आणा, म्हणजे पाण्याची बाटली घ्यायला येणारा माणूस दारातूनच परत जाईल, आत येणार नाही.

आणि सिंक मधे आणा. हॉलकडून फ्रिज, मग थोडा ओटा, मग सिंक, मग साडेतीन फूट मोकळा ओटा, मग शेगडी बाल्कनीच्या टोकाजवळ म्हणजे चिमणीचा पाइप दोन फुटात बाहेर.

निळी_खिडकी

या निमित्ताने एक आठवलं, थोडं विषयांतर आहे पण अगदीच नाही. आपण आज जे मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी म्हणजे १९२६ सालचं फ्रँकफुर्ट किचन. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने फ्रँकफुर्टच्या नव्या सरकारी वसाहतींसाठी केलं होतं, साधारण १.९ मीटर बाय ३.४४ मीटर, म्हणजे सव्वासहा फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट लांब, तुमच्यापेक्षाही अरुंद! आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर बघून कल्पना घेतली होती, त्यामुळे तुम्हाला ट्रेनचा डबा आठवला ते अगदी बरोबरच आहे. अशी दहा हजारांच्या आसपास किचन्स बसवली गेली. बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल, छताला सरकता दिवा, कोरड्या सामानाला हँडलवाले ॲल्युमिनियमचे ड्रॉवर, आणि दार सरकतं.

पण त्याच्यावरची मोठी तक्रार काय होती, तर त्यात एकच माणूस काम करू शकतो. दुसरं कोणी आत आलं की अडचण. तुमच्याकडे दोघी आहेत, म्हणून सांगितलं. आणि गंमत म्हणजे ते किचन करेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता असं त्या बाईंनी स्वतःच नंतर सांगितलंय.

सरकतं दार मात्र नक्की घ्या. तुमचं हॉलचं दार आत उघडतं का? तसं असेल तर फ्रिजवर आपटेल.

दोन_नंबरची_ट्रॉली

मधली भिंतच पाडून टाका ना, ओपन किचन करा, सगळा प्रॉब्लेम खल्लास

गुण्या_ओळंबा

भिंत पाडायची की नाही ते आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून सांगेल, मग आपण. ती भिंत वजन घेते का, आत कॉलम आहे का, वरून बीम गेलाय का, हे इथे बसून कोणी सांगू शकत नाही. आणि त्या ताईंच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत असं त्यांनी लिहिलंय, बेडरूममधे स्वयंपाक करायचा का?

ओट्यावरची_मुंगी

काका बाकी सगळं पटलं पण सिंक मधे आणायच्या मी विरोधात आहे आणि त्याला कारण आहे.

आमच्याकडे पण ड्रेनचं आउटलेट असंच टोकाला होतं आणि आम्ही सिंक दहा फूट अलीकडे आणलं. प्लंबर हो हो म्हणाला. पाइप कपाटांच्या मागून नेला. ढाळ किती दिला ते मी बघितलं नाही, मला काय कळतंय त्यातलं. सहा महिन्यांनी सिंकमधलं पाणी हळूहळू उतरायला लागलं, आठव्या महिन्यात उतरायचंच बंद झालं. शेवटी तीन ट्रॉल्या बाहेर काढून मागची फळी कापावी लागली, आणि पाइप उघडला तर आत पिवळट पांढरा चिकट थर, बोटभर जाड, साबण आणि तेलकटपणा मिळून मेणासारखं घट्ट झालेलं. पाइपच्या वरच्या अंगाला फक्त पेन्सिल जाईल एवढी जागा उरली होती. तो वास मी आयुष्यात विसरणार नाही. आणि मधे एका ठिकाणी पाइपला खोलगट आला होता, क्लॅम्प निघाला होता म्हणून, तिथूनच सगळं साठायला सुरुवात झाली.

म्हणून म्हणते की सिंक जिथे आहे तिथेच राहू दे, शेगडी मधे आण.

गुण्या_ओळंबा

मुंगीबाई, तुमच्याकडे ढाळ चुकला, त्यात सिंक हलवण्याचा दोष नाही. साधा हिशोब आहे, ४० इंचाला एक इंच. दहा फूट म्हणजे १२० इंच, त्याला ३ इंच उतार पाहिजे. सुरुवातीला ३ इंच उंची हातात आहे की नाही ते बघायचं, दर दोन-अडीच फुटाला क्लॅम्प, वळणावर काटकोनी एल्बोच्या (वळणाच्या जोडाच्या) ऐवजी दोन ४५ अंशांचे, आणि सुरुवातीला एक साफ करायचं झाकण, जे ट्रॉली न काढता हाताला लागेल. एवढं केलं की वर्षानुवर्षं काही होत नाही. पाइप मागून जाणार म्हणून तेवढ्या भागातले ड्रॉवर दोन-तीन इंच आखूड करावे लागतात, ते सुतार कधी आधी सांगत नाही.

ओट्यावरची_मुंगी

"एवढं केलं की" हेच तर. एवढं करणारा प्लंबर आणा आधी :)

निळी_खिडकी

मला वाटतं इथे खरा घोळ वेगळाच आहे. पाणी आणि धूर दोघांनाही बाहेर जायचंय आणि बाहेरची भिंत एकच आहे, बाल्कनीकडची. म्हणजे सिंक आणि शेगडी दोघांनाही त्याच टोकाला जागा पाहिजे. एकाला टोक दिलं की दुसऱ्याला मधे मोकळा ओटा सोडून आठ-नऊ फूट लांब बसावंच लागणार. तेव्हा प्रश्न एवढाच की तो आठ-नऊ फुटांचा प्रवास सांडपाण्याने करायचा की धुराने.

धुराचा पाइप सोळा फूट नेला असता तर मीही नको म्हटलं असतं, पण नऊ फूट सरळ आणि शेवटी एकच वळण एवढं असेल तर चालतं. फक्त तो घड्यांचा लवचिक पाइप नाही, गुळगुळीत कडक पाइप घ्यायचा. चिमणीच्या तोंडाचा जो व्यास तोच शेवटपर्यंत, मधे बारीक करायचा नाही. आणि बाहेरच्या दिशेला किंचित उतार, म्हणजे आत जमलेलं पाणी परत चिमणीत टपकत नाही. प्रत्येक वळण खेच कमी करतं, म्हणून वळणं मोजायची. चिमणी घ्यायच्या आधी कंपनीच्या पुस्तकात पाइपची जास्तीत जास्त लांबी किती दिलीय ते बघून घ्या.

नुकसान एकच, वरच्या कपाटांच्या डोक्यावरून पाइप जाणार, तेवढी सात-आठ इंच उंची जाते. तो कपाटाच्याच दाराने झाकता येतो.

आणि धुराचा पाइप तुंबला तरी वास येतो फार तर. पाणी तुंबलं की घर थांबतं.

दोन_नंबरची_ट्रॉली

हा मुद्दा भारी आहे

पण मग ते किचन ट्रायँगल वगैरे? फ्रिज-सिंक-शेगडी? आमच्या डिझायनरने त्याच्यावर अर्धा तास लेक्चर दिलं होतं.

गुण्या_ओळंबा

तो त्रिकोण १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या अभ्यासातून आला, प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही मिळून १३ ते २६ फूट. त्यात स्वयंपाक करणारा माणूस एकच धरलाय, आणि डिशवॉशर, मायक्रोवेव्ह कशाचाच पत्ता नाही. एकाच भिंतीवर सगळं आलं की त्रिकोण आडवा झोपतो, त्याची रेघ होते. तिथे त्रिकोण मोजत बसण्यात अर्थ नाही, कोणत्या दोन गोष्टींमधे किती मोकळा ओटा आहे ते मोजायचं.

आणि निळी खिडकी, तुमचं पटलं मला. रात्री कागदावर मांडून बघितलं. दोघी काम करणार असतील तर शेगडी मधेच चांगली. कारण शेगडीच्या दोन्ही बाजूंना ओटा मिळतो, एकीला डावीकडचा, एकीला उजवीकडचा. माझ्या आधीच्या लेआउटमधे कामाचा मोठा तुकडा एकच होता, दोघी परत तिथेच आल्या असत्या. सांगतो माप, ओट्याकडे तोंड करून डावीकडून, म्हणजे हॉलकडून:

फ्रिजची जागा ३४, मग ओटा ३६, मग शेगडी ३०, मग ओटा ३६, मग सिंक ३०, आणि शेवटचे २४ बाल्कनीच्या भिंतीपर्यंत, त्याच्या खाली डिशवॉशर. बेरीज १९०. डिशवॉशर साधारण ६० सेंटिमीटरचा असतो, २४ इंचात बसतो, आणि सिंकच्या शेजारीच असल्यामुळे त्याचं पाणी त्याच ड्रेनला. सिंकच्या मध्यापासून भिंत फक्त ३९ इंचांवर, ढाळाचा प्रश्नच मिटला, एक इंचात काम. शेगडीच्या मध्यापासून बाहेरची भिंत १०५ इंच, म्हणजे पावणेनऊ फूट पाइप.

मुंगीबाई, जिंकलात.

ओट्यावरची_मुंगी

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय 😀

कपबशी

अरे बापरे, एवढं सगळं! मी आत्ता वाचलं. काका, निळी खिडकी, मुंगी, सगळ्यांना खूप खूप धन्यवाद.

पण एक शंका. डिशवॉशर टोकाला म्हणजे बाल्कनीच्या दारापाशी. त्याचं दार खाली उघडलं की बाल्कनीत कसं जायचं?

गुण्या_ओळंबा

चांगला प्रश्न. ओटा २५, त्यापुढे उघडलेलं दार अजून साधारण २५, म्हणजे ८४ मधले ५० गेले. समोर १६ ची कपाटं असतील तर १८ इंच राहतात, आडवं होऊन जावं लागेल. म्हणून उजवीकडची कपाटं शेवटपर्यंत नेऊच नका, बाल्कनीच्या अलीकडे अडीच फूट थांबवा. मग तिथे ३४ मोकळे मिळतात आणि डिशवॉशर उघडा असतानाही माणूस सरळ जातो. त्या रिकाम्या भिंतीवर झाडू, पुसायचे कपडे, घडीचं स्टूल टांगा. दोन्हीकडे पूर्ण ओटा असता तर तिथे ९ इंच राहिले असते, मांजर गेलं असतं फक्त.

निळी_खिडकी

उजवीकडे वर काहीच करू नका अशी माझी विनंती. खाली १५ इंची कपाटं कमरेपर्यंत किंवा फार तर छातीपर्यंत, वर मोकळी भिंत. दोन्हीकडे डोक्यापर्यंत कपाटं आली की बोगदा होतो. सामान जास्तच असेल तर हॉलच्या टोकाला एकच उंच कपाट करा छतापर्यंत, बाकी मोकळं.

आणि लाइट! छताला मधोमध एक ट्यूब लावली की तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलात की तुमची सावली बरोब्बर तुमच्या हातावर. वरच्या कपाटांच्या खाली एलईडी पट्टी घ्या, आणि ती मागे भिंतीला चिकटवून नाही तर कपाटाच्या पुढच्या कडेजवळ, नाहीतर नुसत्या टाइल्स उजळतात आणि हातात काय आहे ते दिसत नाही. वायरिंग टाइल्स लागायच्या आधी.

ओट्यावरची_मुंगी

प्लग पॉइंट दोन्ही ३६ इंची तुकड्यांवर हवेत, दोन दोन तरी. शेगडीच्या मागे एकही नको. आमच्याकडे एक आहे, त्याचं झाकण वितळून वाकडं झालंय.

आणि खाली सगळे ड्रॉवरच कर, दाराची कपाटं नको. अरुंद जागेत गुडघ्यावर बसून आत डोकं घालायला जागा नसते. फक्त दाराच्या चौकटीजवळचा ड्रॉवर बघून कर, आमचा शेवटचा ड्रॉवर चौकटीला अडकतो, अर्धाच उघडतो, त्यातल्या मागच्या वस्तू मी पलटी करून काट्याने ओढते. दोन इंचाची पट्टी मधे सोडली असती तर हे झालं नसतं.

कपबशी

अपडेट द्यायला आलेय. काल रविवारी आम्ही सगळ्यांनी मिळून हॉलमधे खराखुरा किचन काढला. खोटं नाही सांगत. सोफा सरकवला, जमिनीवर मास्किंग टेपने ८४ इंच आखले, एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला आधी २५ आणि नंतर १६. खोके एकावर एक रचून ओट्याची उंची केली. फ्रिजच्या जागी मुलाला उभं केलं, हात पसरले की दार उघडलं असं. शेगडीच्या जागी टेपचे चार गोल.

आधी डिझायनरचं माप लावलं, म्हणजे ३४ इंच मोकळे. मी एका बाजूला, सासूबाई माझ्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या बाजूला, आणि नवऱ्याला सांगितलं की रिकामा पातेला दोन्ही हातांनी धरून मधून जा. तिसऱ्या पावलाला त्याच्या कोपराने खोक्यांची रांग पाडली, तीही डिशवॉशर. मग खोके १६ वर ओढले आणि परत केलं. गेला बिचारा, जरा तिरका होऊन पण गेला. नवरा जो आत्तापर्यंत "तुम्हाला आवडेल ते" म्हणत होता तो स्वतःच म्हणाला की नाही नाही, हेच करा.

सासूबाईंनी मात्र एक गोष्ट पकडली जी आपल्यापैकी कोणालाच सुचली नाही. त्या माझ्याहून चांगल्या पाच इंच बुटक्या आहेत. म्हणाल्या, ओट्याची उंची कोणाच्या मापाने करणार आहेस? ओटा ३४ इंचांचा केला तर मला वाकावं लागतं आणि ३६ चा केला तर त्यांचे खांदे वर येतात.

गुण्या_ओळंबा

व्वा, सासूबाईंना नमस्कार सांगा. दोघी जिथे जास्त उभ्या राहता तिथे त्यांची त्यांची उंची करा. कोपर वाकवून हात सरळ धरला की कोपरापासून चार-सहा इंच खाली ओटा आला की बरं पडतं. सलग दगड घालायचा हट्ट नसेल तर फ्रिज आणि शेगडीमधला ३६ चा तुकडा ३४ इंच उंचीवर आणि शेगडीपासून पुढे सिंकपर्यंत ३६ वर, असं करता येतं. डिशवॉशर साधारण ३२ ते ३४ इंच उंच असतो, तो उंच भागाखाली आरामात बसतो, त्यामुळे उंच तुकडा त्याच बाजूला ठेवा. पायरी मात्र शेगडीच्या अगदी कडेला नको, शेगडीच्या डाव्या हाताला एक फूट तरी सपाट ठेवा, गरम भांडं सरकवताना ते दोन इंच खाली घसरता कामा नये. सरकवायचं जास्त होत असेल तर पायरीचा नाद सोडा, सगळा ओटा ३५ करा आणि एकीने जाड रबरी मॅटवर उभं राहा.

कपबशी

३५ करतो मग. पायरीची मला भीती वाटते, मी धडपडी आहे.

हॉलचं दार काढून सरकतं करतोय. चिमणीवाल्याला पावणेनऊ फूट आणि एक वळण असं सांगितलं, त्याने आधी लवचिक पाइपच सांगितला होता, मी "गुळगुळीत कडक" म्हटल्यावर जरा बघत राहिला आणि मग हो म्हणाला.

दोन_नंबरची_ट्रॉली

फ्रिजचं दार कुठल्या बाजूने उघडतं ते बघितलं का? बिजागरी हॉलकडे पाहिजे, म्हणजे ओट्याकडे तोंड करून डावीकडे, तर हँडल ओट्याच्या बाजूला येईल आणि काढलेली वस्तू लगेच ओट्यावर ठेवता येईल. बऱ्याच फ्रिजना बिजागरी उजवीकडे असते. मग दर वेळी उघडं दार तुमच्या आणि ओट्याच्या मधे. आमच्याकडे हेच झालंय. आणि बिजागरीच्या बाजूला दोन इंच मोकळे सोडा, भिंतीला चिकटवला तर दार पूर्ण उघडत नाही आणि आतले ट्रे बाहेर निघत नाहीत.

कपबशी

अगं बाई. आत्ता जाऊन बघितलं, उजवीकडेच आहे. वरच्या बिजागरीवर झाकण आहे आणि डाव्या बाजूला पण बुजवलेली भोकं दिसतायत, म्हणजे बदलता येत असावं. पुस्तक शोधते. तोपर्यंत खोके हलवायला लागणार, हॉलमधे अजून किचनच आहे आणि संध्याकाळी पाहुणे येतायत.